जुनं संगीत नाटक आजच्या रंगमंचावर आणताना: संहितेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत

हौशी संस्था, महाविद्यालयांचे गट, परदेशातली मराठी मंडळं, स्पर्धेत उतरणारे संघ, अनेकांना जुनं संगीत नाटक नव्या रूपात करायचं असतं. आणि बहुतेक ठिकाणी काम चुकीच्या टोकापासून सुरू होतं. आधी दहा-बारा गाजलेली पदं निवडली जातात. मग ती गाऊ शकणारी माणसं शोधली जातात. शेवटी कुणीतरी एका रात्रीत बसून पदांच्या मधले संवाद कमी करतं. उभी राहते ती शालू आणि फेटे घातलेली नाट्यगीतांची मैफल. गोष्ट हरवलेली असते आणि ज्याला नाट्यसंगीताची आधीपासून गोडी नाही तो प्रेक्षक मध्यांतरानंतर परत येत नाही.

क्रम असा हवा: आधी गोष्ट, मग प्रत्येक पद त्या गोष्टीत काय काम करतं ते, मग शब्द, मग सूर आणि त्यानंतर गायक-नट. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. उदाहरणासाठी गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९ सालचं 'संगीत शारदा' घेतलं आहे, कारण त्याचा विषय अजून संपलेला नाही आणि त्यातली पदं प्रसंगाला घट्ट चिकटलेली आहेत. पंचाहत्तरीच्या श्रीमंत भुजंगनाथाला लग्न करायचं आहे, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो, कांचनभट पैशासाठी आपल्या पोरीचा, शारदेचा, सौदा करतो, आई इंदिराकाकू विरोध करते पण तिचं चालत नाही, तरुण कोदंड हे लग्न मोडायला झटतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टप्पा १: काय ठेवणार, काय सोडणार ते एका वाक्यात लिहा

पाश्चात्त्य रंगभूमीवर जुन्या ऑपेरांची आधुनिक म्युझिकल्स झाली, तिथे हे निर्णय फार स्वच्छ दिसतात. म्हणून थोडं तिकडे बघू.

१९४३ च्या 'कार्मेन जोन्स'मध्ये ऑस्कर हॅमरस्टीन यांनी बिझेच्या १८७५ च्या 'कार्मेन'च्या चाली ठेवल्या. शब्द आणि स्थळ बदललं. स्पेनमधल्या सिगारेटच्या कारखान्याच्या जागी युद्धकाळातल्या अमेरिकेतला पॅराशूटचा कारखाना आला. २००० साली ब्रॉडवेवर आलेल्या 'आयडा'त उलट झालं. गोष्टीचा सांगाडा जुन्या ऑपेराचा, पण व्हेर्दीचं संगीत बाजूला ठेवून एल्टन जॉन आणि टिम राइस यांची नवी गाणी. 'रेंट' (१९९६) हे पुच्चिनीच्या 'ला बोहेम'वर (१८९६) बेतलेलं. पॅरिसचे कफल्लक कलावंत न्यूयॉर्कला आले, क्षयाची जागा एड्सने घेतली, संगीत रॉकचं झालं आणि पुच्चिनीची एक ओळखीची सुरावट तेवढी गिटारवर डोकावून गेली. आपल्याकडे १९७८ चा 'तीन पैशाचा तमाशा' आहे: पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्त आणि वाइल यांच्या १९२८ च्या संगीतनाट्यावरून केलेला. ते नाटकही मुळात जॉन गे यांच्या १७२८ च्या ऑपेरावरून आलेलं.

तुमच्यासमोर हेच तीन रस्ते आहेत:

१. शब्द आणि चाली जशाच्या तशा, फक्त छाटणी आणि नवी मांडणी.
२. चाली जुन्या, स्थळ-काळ आणि शब्द नवे.
३. गोष्ट जुनी, संगीत पूर्ण नवं.

एक निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उदाहरणार्थ: 'शारदा आजच्या दुष्काळी गावात घडेल, चाली देवलांच्या, शब्द गरजेप्रमाणे नवे.'

सावधान: पहिला अंक एका रस्त्याने आणि दुसरा दुसऱ्या रस्त्याने, असं नकळत होतं. पहिल्या अंकात नऊवारी आणि साकी-दिंडीसारखी जुन्या छंदांतली पदं, दुसऱ्या अंकात अचानक मोबाइल आणि ड्रमसेट. असा प्रयोग पाहताना प्रेक्षक गोष्ट सोडून दिग्दर्शकाच्या मनात काय आहे याचाच विचार करत बसतो.

टप्पा २: हक्क

हा टप्पा छोटा आहे, पण तो शेवटी ठेवला तर प्रयोग रद्द होऊ शकतो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्यकृती मुक्त होते. मोजणी मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते. किर्लोस्कर (मृत्यू १८८५), देवल (१९१६), गडकरी (१९१९), खाडिलकर (१९४८) यांच्या संहिता मुक्त आहेत. अत्र्यांच्या (१९६९) अजून नाहीत. विद्याधर गोखले, पुरुषोत्तम दारव्हेकर, वसंत कानेटकर यांच्या नाटकांना वारसांची लेखी परवानगी लागते.

संगीताचा हिशेब वेगळा करावा लागतो. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली मुक्त आहेत. मास्टर कृष्णराव (१९७४), वसंत देसाई (१९७५) आणि जितेंद्र अभिषेकी (१९९८) यांच्या नाहीत. जुन्या नाटकातल्या पदाला नंतरच्या काळात कुणी नवी चाल लावली असेल आणि तुम्हाला पाठ असलेली चाल तीच असेल, तर संहिता मुक्त असूनही चाल अडवू शकते. ध्वनिमुद्रणाचा हक्क पुन्हा तिसरा. रेकॉर्ड ऐकून शिकायला हरकत नाही, ती प्रयोगात वाजवायला परवानगी हवी.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. मूळ नाटक शंभर वर्षं चाललं आहे म्हणून तुमचं रूपांतर आपोआप प्रमाणित होत नाही. नव्या शब्दांसकट अंतिम संहिता पाठवा आणि हातात पुरेसे आठवडे ठेवा.

तपासणी: संहिता, चाली, ध्वनिमुद्रण या तिन्हींसमोर 'मुक्त', 'परवानगी मिळाली' किंवा 'वापरणार नाही' यापैकी काहीतरी लिहिलेलं आहे ना? एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: छापील संहितेवरून पदांचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. आणि काम छापील संहितेवरून करा, रेकॉर्डवरून नको.

याचं कारण असं. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकातलं पद बोलण्याचाच पुढचा भाग असे. साकी, दिंडी, कामदा यांसारखे प्रकार झटपट कथा पुढे नेत. दिंडीची एक ओळ १९ मात्रांची, दोन कडव्यांत प्रसंग सांगून मोकळी. पुढे गायकीला बहर आला तसं तेच पद आलाप-तानांनी वाढत गेलं आणि आज आपल्या कानात जे आहे ते बहुधा या वाढलेल्या रूपातलं किंवा मैफलीतलं. मैफलीत पद पात्राचं उरत नाही, गायकाचं होतं. म्हणून छापील पानावर जा. तिथे पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी जुन्या पदाचा मुखडा (सुरुवातीची ओळ) दिलेला सापडेल, कधी राग-ताल. ती ओळ वगळू नका; लेखकाच्या मनातली लय कोणती होती याचा तोच पुरावा आहे.

तक्त्यात प्रत्येक पदासाठी पाच रकाने करा:

१. अंक आणि प्रवेश
२. कोण कुणाला गातं
३. पदाच्या आधीची परिस्थिती
४. पदानंतर काय बदललं
५. साध्या लयीत, ताना न घेता लागणारा वेळ (घड्याळ लावून मोजा, अंदाज नको)

मग प्रत्येक पदाला एक खूण द्या. कृती: पदाच्या दरम्यान काहीतरी घडतं, कुणी राजी होतं, कुणी फसतं. मन: पात्र स्वतःशी एखाद्या निर्णयापर्यंत पोचतं. माहिती: प्रेक्षकाला काहीतरी कळतं. शोभा: ऋतुवर्णन, स्तुती, वातावरण.

'शारदे'तलं सर्वांना ठाऊक असलेलं पद घ्या, 'म्हातारा इतुका न अवघें पाउणशें वयमान'. थट्टेचं आणि लोकप्रिय, म्हणून ते कुठेही टाकलं तरी चालेल असं वाटतं. तक्त्यात भरून बघा. नवऱ्याचं वय प्रेक्षकाला कळतं, म्हणजे हे माहितीचं पद झालं. पण ही माहिती थट्टेतून येते. ज्या मुलींची वयं स्वतःच लग्नाची नाहीत त्यांना हे सगळं हसण्यावारी नेण्याची सवय आहे. म्हणून हे पद 'मूर्तिमंत भीति उभी' या पदाच्या आधी आलं पाहिजे आणि दोघांच्या मध्ये पुरेसं काही घडलं पाहिजे. हसू आधी ऐकू आलं नसेल तर भीतीचं पद नुसतं रडगाणं होतं. गाजलेली पदं म्हणून दोन्ही एकापाठोपाठ घेतली की दोन्ही पडतात, गायिका कितीही तयारीची असली तरी.

तपासणी: चौथा रकाना रिकामा राहिलेल्या पदांची वेगळी यादी करा. कात्री आधी त्यांच्यावर चालेल.

टप्पा ४: गोष्टीचा कणा, आणि काळ बदलला तर त्याची साखळी

नाटक पदं वगळून दोन पानांत लिहून काढा. कोणाला काय हवं आहे, कोण आडवं येतं, कुठे पारडं फिरतं. उपकथानकं, विनोदी ब्राह्मण, सूत्रधार-नटीची नोकझोक सध्या बाजूला ठेवा. कणा स्वतःच्या पायावर उभा राहिला की त्यातलं हवं ते परत आणता येतं.

काळ बदलायचा असेल तर वस्तू बदलून भागत नाही. घोडागाडीच्या जागी मोटारसायकल आली म्हणून नाटक आजचं होत नाही. मूळ नाटकातली प्रत्येक गोष्ट कोणतं काम करते ते विचारा आणि तेच काम आज कशाने होईल ते शोधा.

देवलांच्या नाटकात वधू-वर सगोत्र असल्याचं उघड झाल्यामुळे लग्न मोडतं. आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः तरुणांना, गोत्राचं वजन जाणवणार नाही. पहिला विचार सुचतो तो कायद्याचा: बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी असते, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. म्हणजे ग्रामसेवक पोलिसांना घेऊन मांडवात येईल आणि लग्न थांबेल. ऐकायला पटतं. पण नाटकातला सर्वात धारदार मुद्दा यात निसटतो. मुलगी नको म्हणते, आई नको म्हणते, नवरा पंचाहत्तरीचा आहे, आणि यातल्या कशानेही लग्न थांबत नाही. थांबतं ते गोत्रामुळे, म्हणजे त्याच वडीलधाऱ्यांच्या नियमाच्या वहीतल्या एका कलमामुळे. मुलीचा विचार कुणी केलेलाच नसतो. देवलांनी समाजाला इथे पकडलं आहे.

मग आजच्या 'शारदे'त लग्न मोडणारं कारणही असंच भलतं हवं. समजा भुजंगनाथाच्या पुतण्यांना कळलं की नवी बायको आली तर सातबाऱ्यावर आणखी एक नाव चढेल, आणि त्यासाठी ते मांडव उधळतात. हे मूळ नाटकात नाही, पण गोत्राने जे काम केलं तेच काम हे करतं. 'रेंट'मध्ये क्षयाच्या जागी एड्स आणणाऱ्यांनीही नुसता आजार बदलला नाही. गरीब, तरुण आणि समाजाने दूर लोटलेल्या माणसांचा मृत्यू, हे काम त्यांनी जागच्या जागी ठेवलं.

सावधान: एक बदल केला की त्याची साखळी शेवटच्या पडद्यापर्यंत ओढून बघा. मूळ नाटकाचा शेवट शारदा आणि कोदंडाच्या लग्नाने होतो. तुमची शारदा आज सोळा वर्षांची असेल तर तो शेवट १८ च्या अटीत बसत नाही. ज्या गुन्ह्याविरुद्ध नाटक उभं आहे तोच गुन्हा भरतवाक्याच्या (नाटकाच्या शेवटच्या पदाच्या) वेळी तुम्ही साजरा कराल. ती एकोणीस वर्षांची केली तर बालविवाहाचा मुद्दा गळतो आणि कर्जापायी झालेला सौदा हा मुद्दा वर येतो. तिसरा मार्ग, ती सोळाचीच ठेवायची आणि शेवटी लग्नाऐवजी तिला शिक्षणाकडे न्यायचं. मग कोदंडाचं पात्र प्रियकराचं राहत नाही आणि त्याच्या तोंडची पदं पुन्हा तपासावी लागतात. यातला कोणताही मार्ग चालेल. ठरवल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. मला तिसरा सर्वात प्रामाणिक वाटतो.

टप्पा ५: कात्री

आता, आणि आताच, पदं कमी करा. मध्यांतर धरून अडीच तासांचा प्रयोग हवा असेल तर साधारण सव्वादोन तास हातात राहतात. त्यातला एक तास गाण्याला दिला, तर सरासरी साडेतीन मिनिटांची सोळा-सतरा पदं बसतात. यापेक्षा जास्त हवी असतील तर काही पदं एका मिनिटाची करा. दिंडी-साकी यासाठी उत्तम.

काढून टाकणं हा कात्रीचा एकच प्रकार नाही. आणखी चार आहेत:

– बोलकं करणं. पहिली ओळ गाऊन पुढचं कडवं लयीत बोलायचं, खाली ठेका चालू. माहितीच्या पदांना हे फार शोभतं.
– तुकडे करणं. एकाच पात्राचं तीन कडव्यांचं पद प्रवेशभर विखुरायचं. मध्ये संवाद, मध्ये हालचाल.
– वाटून देणं. एकट्याचं पद समूहाला. शारदेच्या मैत्रिणी हा आयता समूह आहे. गावातल्या बायका, वऱ्हाडी, दलाल यांनाही सूर देता येतो.
– सुरावट ठेवणं. पद काढलं तरी त्याची धून पुढच्या प्रवेशात ऑर्गनवर हलकेच आणता येते. प्रेक्षकाला आठवण होते आणि वेळ जात नाही.

शोभेची सगळी पदं काढू नका. एखादं ठेवा, ताण वाढलेल्या दोन प्रसंगांच्या मध्ये. सलग सहा तणावाची पदं कुणाच्याच कानाला झेपत नाहीत.

तपासणी: उरलेली पदं क्रमाने लिहा आणि शेजारी राग, ताल, लय लिहा. सलग तीन पदं एकाच तालात किंवा एकाच लयीत आली असतील तर एक हलवा. सलग तीन एकाच पात्राची असतील तरीही.

टप्पा ६: जुन्या चालीवर नवे शब्द

इथे कवी आणि संगीतकार एकाच खोलीत बसायला हवेत. व्हॉट्सअॅपवर कडवी पाठवून हे काम होत नाही.

आधी चाल 'ना ना ना' करत दहा वेळा गा आणि कागदावर खुणा करा: सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, स्वर कुठे लांबतो, श्वास कुठे. मग शब्द.

१. वाक्यातला महत्त्वाचा शब्द समेवर यावा. त्रितालात सोळा मात्रांनी सम येते. मुखडा तिच्याकडे धावत जातो. तिथे 'आणि' किंवा 'पण' पडला तर सगळी धाव फुकट.

२. जिथे स्वर लांबतो तिथे दीर्घ अक्षर ठेवा, शक्यतो 'आ', 'ए', 'ओ'. ऱ्हस्व अक्षर ताणलं की 'पुतणे'चं 'पूतणे' होतं आणि शेवटच्या रांगेत शब्दच कळत नाही. जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही फार ताणू नका. 'कर्ज' हा शब्द तानेत घेऊन बघा, लगेच कळेल.

३. शब्द तालाच्या विभागावर फुटू देऊ नका. 'नवरदेव' मधल्या 'र'वर सम आली तर ऐकणाऱ्याला 'नव रदेव' ऐकू येतं.

४. भाषा एका पातळीवर ठेवा. संवाद आजच्या मराठवाड्यातले आणि पदात 'मज', 'तव', 'नाथा' असेल तर पात्र दोन तुकड्यांत दिसतं. अपवाद चालतो, पण मुद्दाम केलेला. उदाहरणार्थ, भुजंगनाथ शृंगाराचं पद जुन्या वळणाच्या भाषेतच गातो. त्याचं वय आणि त्याचा भ्रम दोन्ही त्यातून दिसतात.

सावधान: प्रत्येक पदाला नवे शब्द लावायचा मोह टाळा. ज्या ओळी आजही सहज कळतात, त्या देवलांच्याच राहू द्या. 'अवघें पाउणशें वयमान' याहून चांगलं कुणी लिहिणार नाही.

टप्पा ७: पात्रनिवड आणि पट्टी

आता माणसं निवडा. ऐकताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. उमेदवाराला पद आधी बोलायला लावा, संवाद म्हणून, समोर कुणाला तरी उभं करून. मग गायला लावा. बोलताना अर्थ पोचवणारा आणि सुरात राहणारा नट घ्या. उत्तम तानेचा पण समोरच्याकडे न बघणारा गायक मोठ्या भूमिकेत घेऊ नका. त्याला समूहात घ्या, तिथे त्याचा आधार होतो.

पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला 'सा' धरून गायचं याचा, गोंधळ जवळजवळ प्रत्येक संघात होतो. या नाटकांतल्या स्त्रीभूमिका सुरुवातीला पुरुष गात असत, त्यामुळे जुन्या पट्टीला धरून बसण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक नटाची पट्टी त्याच्या गळ्यावरून ठरवा, तीही सलग दोन तास बोलून झाल्यावर. सकाळी ताज्या गळ्याने लागलेली पट्टी प्रयोगाच्या दुसऱ्या अंकात टिकत नाही.

स्त्री-पुरुषांचं द्वंद्वगीत असेल तर दोघांच्या 'सा'चं नातं आधी जुळवा. नायक हार्मोनियमच्या काळी एकमध्ये आणि नायिका काळी तीनमध्ये असेल तर तिचा 'सा' त्याच्या 'म'वर येतो. एका कडव्यातून दुसऱ्यात जाताना कानाला धक्का बसत नाही. पांढरी चार आणि काळी चार अशा जोड्या तालमीत कशाबशा जमतात आणि प्रयोगात फसतात.

पट्ट्यांची यादी तबलजीला आधी द्या. पट्टी बदलली की दायाँ (उजव्या हाताचा तबला) बदलावा किंवा पुन्हा मिळवावा लागतो, त्यासाठी मधला संवाद किती मिनिटांचा आहे हे त्याला माहीत हवं. तीन वेगवेगळ्या सुरांचे दायाँ जवळ ठेवले की प्रश्न सुटतो.

वाद्यांबाबत माझं मत ठाम आहे: ऑर्गन किंवा हार्मोनियम, तबला आणि एक तंतुवाद्य हे जिवंत हवेत. त्यावर बास गिटार, कीबोर्ड, ढोलकी, काय हवं ते चढवा. पण संपूर्ण ट्रॅकवर नाटक करू नका. ट्रॅक नटासाठी थांबत नाही. नटाला एखाद्या शब्दावर अर्धा श्वास जास्त घ्यावासा वाटला तर साथीदार थांबू शकतो, आणि त्या अर्ध्या श्वासातच पद संवादाशी जोडलं जातं.

टप्पा ८: तालमींचा क्रम

नेहमीची चूक: गाण्याच्या तालमी एका घरी, गद्याच्या तालमी दुसऱ्या हॉलमध्ये, आणि दोन्ही शेवटच्या आठवड्यात एकत्र.

१. पूर्ण गद्य वाचन. पदंसुद्धा बोलून. पद बोलताना नटाला 'मी हे कुणाला आणि का सांगतोय' याचं उत्तर देता आलं नाही, तर दोष नटाचा धरू नका. तक्त्याकडे परत जा. चुकीचं पद राहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

२. चाली शिकवणं, ठेक्याशिवाय. फक्त तानपुरा आणि शब्द. हरकती (गळ्याच्या छोट्या फिरती) अजिबात नकोत.

३. हालचाली पदांसकट बसवणं. पद सुरू झालं की नट मध्यभागी येऊन प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, ही सवय इथेच मोडा. कामं हातात द्या: कपडे वाळत घालणं, हिशेब करणं, मेंदी. गाताना करता येईल एवढंच साधं काम.

४. साथीदार आत. निम्म्या तालमी झाल्यावर, शेवटच्या दोन तालमींना नव्हे.

५. प्रवेश आणि सुटका. प्रत्येक पदाचे दोन सांधे वेगळे घोटा. आधीचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनवर षड्ज ('सा') हलका धरला तर नट बोलण्यातून सुरात न थांबता जातो. आणि पदानंतरचं पहिलं वाक्य असं ठेवा की टाळ्यांत बुडालं तरी गोष्टीचं नुकसान होऊ नये. महत्त्वाचं वाक्य दुसरं.

६. हरकती. सगळं उभं राहिल्यावर गायकाला जागा द्या, पण मोजून: या पदात अमुक शब्दावर, तालाची दोन आवर्तनं. वन्स मोअर आला तर घ्यायचा की नाही, कोणत्या पदाला, कोणत्या ओळीपासून, हे आधी ठरवा. माझ्या मते काळ बदललेल्या प्रयोगात तो घेऊच नये.

तपासणी: नाटक अजिबात न पाहिलेल्या दोन तरुणांना पूर्ण तालमीला बसवा. नंतर त्यांना गोष्ट सांगायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे तुमचं एखादं पद किंवा कापलेला संवाद चुकला आहे.

टप्पा ९: ध्वनी, रंगीत तालीम, पहिले प्रयोग

लेपल माइक छातीवर लावला की पदर आणि दागिने त्यावर घासतात आणि मान वळली की आवाज पडतो. केसांच्या रेषेत, कपाळाजवळ लावा; गंगावन, फेटा किंवा मुंडावळ्यांत तार लपते. ध्वनिसंयोजकाच्या हातात पदांची खूण केलेली संहिता हवी, कारण बोलण्याची आणि गाण्याची पातळी वेगळी असते आणि ती बदलायची वेळ पदाच्या एक वाक्य आधी येते.

नटाला साथ ऐकू येते ना, हे रंगमंचाच्या प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून तपासा. साथीदार विंगेत असतील तर दुसऱ्या टोकाच्या नटासाठी त्या बाजूला एक छोटा मॉनिटर (नटाकडे वळवलेला स्पीकर) लागतोच. वातानुकूलन आणि दिव्यांच्या उष्णतेने तबला उतरतो-चढतो. मध्यांतरात तो पुन्हा मिळवण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

रंगीत तालमीत पूर्ण प्रयोगाची आणि प्रत्येक पदाची वेळ पुन्हा मोजा आणि टप्पा ३ च्या तक्त्याशेजारी लिहा. पुढचे पाच प्रयोग हे चालू ठेवा. पदं प्रयोगागणिक वाढतात, टाळ्या मिळालेली तर हमखास. साडेतीन मिनिटांचं पद पाचव्या प्रयोगाला सहा मिनिटांचं झालं असेल तर तो आकडा गायकाला त्याच रात्री दाखवा आणि पुढच्या प्रयोगाआधी दिग्दर्शक, गायक आणि तबलजी या तिघांनी तेवढंच पद पुन्हा बसवावं.